ॲस्ट्रोसॅट

ॲस्ट्रोसॅट हा भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा (इस्रो) सर्वस्वी खगोलशास्त्रासाठी असलेला पहिला उपग्रह होय. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३० या प्रक्षेपकाने तो सुमारे ६५० किमी उंचीच्या कक्षेत सोडण्यात आला. कृष्णविवरे व न्यूट्रॉन तारे यांवर कोसळणाऱ्या द्रव्याचे एकाच वेळी अनेक तरंगलांबींत निरीक्षण करणे हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट आहे.

पार्श्वभूमी

कृष्णविवर हे नाव येथे काहीसे फसवे ठरते. विवरातून प्रकाश बाहेर पडत नसला, तरी त्यात पडू पाहणारा वायू अतिशय तेजस्वी असतो. जोडीदार ताऱ्याकडून ओढला गेलेला हा वायू सरळ आत न जाता तबकडीच्या रूपाने भोवती फिरत राहतो आणि घर्षणाने तापतो. तबकडीचा बाहेरचा, तुलनेने थंड भाग दृश्य व अतिनील प्रकाश देतो. आतला भाग सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण फेकतो. काही वेळा द्रव्याचे झोत वेगाने बाहेर पडतात. ते रेडिओ लहरींत दिसतात. न्यूट्रॉन ताऱ्याला मात्र पृष्ठभाग असतो. त्यावर साचलेला वायू अणुस्फोटासारखा पेटतो. ४यू १७२८-३४ या ताऱ्याच्या अशा स्फोटांत सेकंदाला ३६३ आवर्तने आढळली. हाच त्याच्या परिवलनाचा वेग मानतात.

उपकरणे

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण अडवते, म्हणून उपग्रह आवश्यक ठरतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडविलेली 'लॅक्सपीसी' ही उपकरणे क्ष-किरणांच्या आगमनाची वेळ सेकंदाच्या एक लक्षांशापर्यंत नोंदवतात. सोबत अतिनील दुर्बीण, मृदू क्ष-किरण दुर्बीण व 'सीझेडटीआय' आहेत. पुण्याच्या आयुका या संस्थेचाही प्रकल्पात मोठा सहभाग आहे. रेडिओ लहरी जमिनीपर्यंत पोहोचतात. त्यांसाठी नारायणगावजवळील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण आहे.

जीआरएस १९१५+१०५

गरुड तारकासमूहातील या कृष्णविवराचे क्ष-किरण काही सेकंदांत पालटतात. १९९७ मध्ये त्याच्या क्ष-किरणांत अचानक घट झाली. त्यामागोमाग आधी अवरक्त आणि काही मिनिटांनी रेडिओ ज्वाला दिसली. तबकडीचा आतला भाग रिता होतो व झोत बाहेर पडतो, असा अर्थ त्यातून लावण्यात आला. २०१८ पासून हा स्रोत क्ष-किरणांत बराच मंदावला. केवळ तेवढेच पाहिले असते, तर द्रव्यपात थांबला असे वाटले असते. परंतु रेडिओ ज्वाला सुरूच राहिल्या. मधल्या दाट वायूने क्ष-किरण झाकले गेले असावेत, असे संशोधक मानतात.