कूलरची घरगुती निगा

कूलर हवा थंड करतो तो पाणी उडवून. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती ओल्या जाळीतून जाणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. हवा कोरडी असेल तेवढे पाणी झपाट्याने उडते. म्हणून मुंबईच्या दमट हवेत फारसे कामाचे नसलेले हे यंत्र भुसावळात घरोघरी खिडकीला लागलेले दिसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे या गावाला नवे नाही. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी ओले फडके गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. कूलरची हवा त्याखाली जात नाही. जाळ्या चांगल्या असतील तर ती २७-२८ अंशांपर्यंत येते. मृगाच्या आसपास हवा ओलावली की नवाकोरा कूलरही चिकचिक वाढवतो, तो बिघाड नव्हे.

होळीच्या सुमारास कूलर बाहेर निघाला की पहिले काम जाळ्यांचे. बाजारात ज्याला गवत म्हणतात ते खरे तर लाकडाचे बारीक तंतू असतात. ते दर हंगामात बदलावे आणि सगळीकडे सारखे पसरावे. विरळ जागेतून हवा कोरडीच आत शिरते, आणि फार दाबून भरले तर पंख्याला हवाच मिळत नाही. वाळा घातला तर सुवास सुटतो, पण तोही दाट भरू नये. मधाच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची जाळी काही हंगाम टिकते, मात्र ती खरखरीत ब्रशने घासू नये. वरच्या पन्हळीची भोके तारेने मोकळी करून मोटर चालवावी आणि पाणी चारी कडांना सारखे झिरपते का ते पाहावे. जाळीवर कोरडा पट्टा दिसला तर तिथले भोक बुजलेले असते. खोलीत तुषार उडत असतील तर पाण्याची चावी थोडी कमी करावी.

सर्वांत जास्त नुकसान करतात ते क्षार. पाणी उडते, क्षार टाकीतच राहतात. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले १०० लिटर पाणी उडाले की ५० ग्रॅम क्षार मागे उरतो. टाकीत नुसती भर घालत राहिले तर पाणी दिवसेंदिवस जड होते, जाळीवर पांढरा थर चढतो आणि मोटर अडकते. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी. मोटरीवरचा थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून निघतो. टाकीत पाणी नसताना मोटर चालू ठेवली तर ती जळते.

याच साप्ताहिक सफाईने डेंग्यूचा डासही आटोक्यात राहतो. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. त्यामुळे पाणी ओतून देणे पुरेसे नाही, टाकीच्या कडा घासायला हव्यात.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, हाताने ढकलला की सुटतो, असे झाले तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. बदलताना जुन्यावर लिहिलेल्याच आकड्याचा घ्यावा, आणि हे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावे. चालत्या पंख्याला हात लावू नये.

पत्र्याच्या ओल्या कूलरचा शॉक जीवघेणा ठरतो. तीन पिनांचा प्लग, चालू आर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच ही किमान तयारी. पाणी भरताना प्लग काढलेला असावा. नुसते बटन बंद करणे पुरत नाही.

कूलर सावलीत, खिडकीबाहेर असावा आणि खोलीची समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे असावे. बंद खोलीत तीच ओली हवा फिरत राहते आणि तासाभरात गारवा संपतो.

पावसाळा लागला की टाकी धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी, गंजलेल्या जागा घासून रेड ऑक्साइड लावावा, जुने गवत काढून टाकावे आणि मोटर गोड्या पाण्यात फिरवून कोरडी करून ठेवावी.