परदेशातून पैसे येताना कोणता 'कोड' द्यावा?

शिकागोत नोकरी करणारा मुलगा पुण्यातील आई-वडिलांना पैसे पाठवू इच्छितो आणि फोनवर बँकेचा 'कोड' विचारतो. वडील चेकबुकावरील आयएफएससी वाचून दाखवतात. तो देशांतर्गत एनईएफटी, आरटीजीएससाठी असतो. परदेशी बँकेला हवा असतो तो स्विफ्ट कोड, म्हणजेच बँक आयडेंटिफायर कोड.

ही गल्लत स्वाभाविक आहे. आयएफएससी अकरा अक्षर-अंकांचा, तर स्विफ्ट कोड आठ किंवा अकरांचा. स्टेट बँकेच्या तर दोन्ही कोडांची सुरुवात 'एसबीआयएन' अशीच होते. फरक कळतो तो पाचव्या जागी. आयएफएससीत तेथे शून्य असते. स्विफ्ट कोडात देशाची दोन अक्षरे, भारतासाठी 'आयएन', येतात. त्यापुढील दोन अक्षरे परंपरेने स्थानाची आणि असल्यास शेवटची तीन शाखेची. प्रत्येक शाखेला स्वतंत्र स्विफ्ट कोड नसतो. अशा वेळी आपली शाखा ज्या शाखेमार्फत परकीय चलनाचे व्यवहार करते, तिचा कोड विचारून घ्यावा लागतो.

'स्विफ्ट' ही १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली बँकांची सहकारी संस्था. टेलेक्सची जागा घेणारी तिची संदेशसेवा १९७७ मध्ये सुरू झाली. या जाळ्यातून पैसा वाहत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. वाहतो तो केवळ संदेश. प्रत्यक्ष रक्कम बँकांच्या परस्परांकडील खात्यांतून वळती होते. दोन बँकांचा थेट संबंध नसेल, तर मधली बँक येते आणि बहुधा आपले शुल्क कापून घेते. हजार डॉलर निघाले तरी हजार पोहोचत नाहीत, ते यामुळे.

युरोपात प्रचलित असलेल्या 'आयबॅन' या खातेक्रमांकात चूक पकडणारे दोन पडताळणी अंक असतात. स्विफ्ट कोडात तशी सोय नाही. चुकीचा कोड अस्तित्वातच नसेल, तर संदेश अडतो; पण एखादे अक्षर चुकून दुसऱ्याच बँकेचा खरा कोड तयार झाला, तर संदेश तिकडे जातो. नाव व खातेक्रमांक न जुळल्याने रक्कम सहसा परत येते, मात्र त्यात दिवस जातात आणि शुल्कही. भारतात आयबॅन नाही. परदेशी अर्जात तो रकाना दिसला, तरी आयएफएससी तेथे भरू नये. खातेक्रमांक, स्विफ्ट कोड आणि खात्यावरील नाव बँकेकडून लेखी घेऊन मुलाला ई-मेलने कळवावे, फोनवर सांगू नये. 'बी' आणि 'डी' ऐकताना सारखेच वाटतात.