व्होल्ट मोजण्याचं दशक

यंदा आमच्या कॉलेजातला ‘एनर्जी हार्वेस्टिंग’ (दाब-कंपनांतून वीज काढणं) हा वैकल्पिक विषय बंद झाला. मुलं घेत नाहीत, म्हणे. त्या तासांना आता मशीन लर्निंग आलं आहे. विषय मीच सुरू केला होता, त्यामुळे जरा झोंबलं.

या विषयाच्या भरभराटीच्या दशकाआधीची सव्वाशे वर्षं चटकन ओलांडू. क्वार्ट्झ, टूर्मलिन अशा स्फटिकांवर दाब दिला की वीजभार उमटतो, हा ‘पायझो’ परिणाम क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. पहिल्या महायुद्धात त्यातून पाणबुड्या हुडकण्याचे प्रयोग सुरू झाले, आणि १९५० च्या दशकात पीझेडटी हे सिरॅमिक आलं. तुमच्या ओट्यावरच्या गॅस लायटरमध्ये स्प्रिंगची हातोडी बहुधा त्याच्यावरच आदळते. १९९८ मध्ये एमआयटीतल्या मंडळींनी ते बुटात बसवलं. चालणाऱ्याच्या टाचेतून काही मिलिवॅट मिळाले आणि दर काही पावलांनी एक रेडिओ संकेत गेला. त्यांनी दावाही तेवढाच केला.

खरी धमाल २००६ नंतर. त्या वर्षी जॉर्जिया टेकच्या झोंग लिन वांग यांनी झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारा वाकवून वीज काढली, आणि टोकियो स्टेशनच्या तिकीट-फाटकांपाशी पायझो फरशीची चाचणी झाली. मग आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्ट-प्रदर्शनात टाइल दिसू लागली. पुण्यात पासोड्या विठोबापाशी बझरच्या पितळी चकत्या घ्यायच्या, प्लायवूडवर चिकटवायच्या, ब्रिज रेक्टिफायर जोडायचा. पाय पडला की एलईडी लुकलुकतो, मल्टिमीटर तीस व्होल्ट दाखवतो आणि परीक्षक माना डोलावतात. पुढच्या स्लाइडवर दादरचा पूल आणि त्यावरची गर्दी हमखास. मोबाइल-चार्जिंगचं स्वप्न त्याच्या पुढच्या स्लाइडवर.

एकाही परीक्षकाने गणित विचारलं नाही. ते असं: सत्तर किलोच्या माणसाने फरशी पाच मिलिमीटर दाबली, तर सगळं कार्य साडेतीन जूलच्या आत. मोबाइलच्या बॅटरीत पन्नास हजार जूल मावतात. म्हणजे एक थेंबही वाया गेला नाही तरी पंधरा हजार पावलं! आणि पायझो चकती पाच मिलिमीटर दबतच नाही, दबली तर तडकते. तीस व्होल्ट खरे, पण मल्टिमीटरच्या जागी खरा भार जोडला की ते बसलेच. वर्तमानपत्रांनीही हातभार लावला. रॉटरडॅमच्या नाचाच्या फरशीचं आणि लंडनच्या पेवजेनचं कौतुक ‘पायझो’ म्हणून छापलं गेलं. दोन्हींत चुंबक आणि तारेची गुंडाळी होती.

या गोंगाटात चांगलं काम झाकलं गेलं, याचा राग अजून आहे. मोटारीच्या अंगावर पायझो पट्टी बसवायची, टोकाला वजन लावायचं, आणि पट्टीची नैसर्गिक कंपनसंख्या मोटारीच्या कंपनाशी जुळवायची. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर मोटार १०० हर्ट्झला गुणगुणते. जुळली की शेकडो मायक्रोवॅट मिळतात, दोन-तीन हर्ट्झ चुकलं की वीज कोसळते. आमची मुलं रात्री बसून टोकावर शिशाचे तुकडे वाढवत-कमी करत. मग कारखान्यांत मोटारींना वेग बदलणारे व्हीएफडी लागले. वेग भाराप्रमाणे बदलू लागला, तशी कंपनंही सरकू लागली. आमच्या पट्ट्या तिथेच अडकल्या.

पण घाव घातला तो मित्रानेच. सेन्सर कमी वीज खाऊ लागले की कंपनांची वीज त्यांना पुरेल, यावर आम्ही सगळे थांबलो होतो. ते झालंही. ब्लूटूथ लो एनर्जी आली, चिप झोपायला शिकल्या. पण सरासरी दहा मायक्रोवॅट खाणाऱ्या सेन्सरला सीआर २०३२ चा बटन सेल हिशेबाने सात वर्षं पुरतो, आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. त्याच्या शेजारी नाजूक, जागा बघून जुळवावी लागणारी, वजनाने निम्म्याहून अधिक शिसं असलेली पट्टी कोण घेणार? वांग स्वतः २०१२ मध्ये घर्षणाच्या विजेकडे वळले.

विषय बंद करायला बसलेल्या समितीत मी एवढंच म्हणालो की बॅटरी बदलायला हात पोचत नाही अशा जागा अजून आहेत. फिरतं टायर आहे, यंत्राच्या पोटातलं बेअरिंग आहे. शिवाय वॅट आणि व्होल्ट यांतला फरक मुलांना दुसऱ्या कुठल्या तासाला इतका टोचत नाही. अध्यक्षांनी प्लेसमेंटचे आकडे पुढे सरकवले.

यंदाही अंतिम वर्षाच्या एका गटाने टाइल केली आहे, मशीन लर्निंगसह. कोणत्या पायरीवर गर्दी होईल, हे ती आधीच सांगते. अहवालात व्होल्टचे तीन आलेख आहेत, वॅटचा एकही नाही. बक्षीस मिळालं.