पर्शियन मांजर : हौस, जबाबदारी आणि पाकी

तीन वर्षांपूर्वी रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा भाचा पुण्याहून आला, तो हातात जाळीची टोपली घेऊनच. टोपलीत कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे पर्शियन पिल्लू होते. मुलांनी लगेच तिचे नाव ‘मलाई’ ठेवले. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, चष्म्यातून तिच्याकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “हिचे केस कोण विंचरणार?”

आम्ही सगळे हसलो. मांजर चाटून चाटून स्वतःला साफ ठेवते, हे कुणाला ठाऊक नाही? माझ्या माहेरी अंगणात चार-चार मांजरी असत, त्यांना कधी कुणी फणी लावली नव्हती. मी वर्गात मुलींना स्वच्छतेचे धडे देणारी शिक्षिका, पण या बाबतीत अगदी कोरी होते. त्याची किंमत मलाईने मोजली आणि आम्हीही मोजली.

जुलै उजाडला. कोल्हापूरचा पाऊस आपण जाणताच. आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. मलाईच्या कानांमागे आणि काखेत केसांच्या गाठी झाल्या होत्या. त्या सुटतील असे समजून मी तिला आमच्याच शाम्पूने आंघोळ घातली. गाठी सुटायच्या ऐवजी आवळून नमद्यासारख्या घट्ट झाल्या. पंधरा दिवसांत ती उचलून घेऊ देईना. डॉक्टरांकडे नेले तेव्हा गाठींनी खालची कातडी ओढून लाल केली होती. तिला गुंगीचे औषध देऊन पोटावरचे आणि मागचे केस यंत्राने काढावे लागले. गाठींखाली कातडीवर गोल, खपलीचे चट्टे होते. डॉक्टरांनी मलाईबद्दल बोलायच्या आधी मला विचारले, “घरात लहान मुले आहेत का? कुणाला साखरेचा त्रास?”

दोन्ही होते. मुलीच्या मनगटावर दोन गोल चट्टे आठवड्यापूर्वीच उठले होते. ते मलाईकडून आलेले गजकर्ण होते.

घरातली ती रात्र

मी प्रामाणिकपणे कबूल करते, तिला सोडून देऊ असे मीच म्हणाले. मटण मार्केटजवळ सोडू, तिथे खायला मिळेल. यांनीही मान हलवली. मुलगी रडत होती. मांजर घरात आणायला सर्वांत जास्त विरोध अम्मींचा होता आणि त्यांना मधुमेह. त्यांचे दुखणे वाढू नये म्हणूनच तर माझा जीव घाबरा झाला होता. त्या तस्बीह ठेवून म्हणाल्या, “हिला उंदीर धरता येतो का? कुत्र्यापासून पळता येतं का? मग बाजारात सोडणं म्हणजे काय, ते तोंडानं म्हण एकदा.”

मला म्हणता आले नाही. मांजरीला बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईला त्यासाठी अजाब झाला, ही बुखारी शरीफमधली हदीस मी स्वतः मुलांना सांगितली होती. मलाई राहिली. अम्मींनी अटी घातल्या : त्यांच्या खोलीत ती येणार नाही, मुसल्ल्यावर बसणार नाही आणि रोज तिची फणी होईल. तीन वर्षे झाली, त्या अटी आजही तशाच आहेत.

मांजर नापाक आहे का?

आपल्या घरांत हा प्रश्न पहिला येतो. हजरत अबू कतादा यांच्या सुनेची, कब्शा बिन्त कअब यांची हकीकत तिर्मिजी आणि अबू दाऊद यांत आहे. त्यांनी सासऱ्यांसाठी वजूचे पाणी ठेवले, मांजर पाणी प्यायला आली, तर सासऱ्यांनी भांडे तिच्यासाठी कलते केले. सून चकित होऊन पाहू लागली, तेव्हा त्यांनी हुजूर (स.) यांचे फर्मान सांगितले. मतलब असा, की मांजर नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकीच आहे. हुजूर (स.) यांनी झोपलेल्या मांजरीसाठी आस्तीन कापल्याचा किस्सा मात्र प्रमाण हदीस-संग्रहांत मिळत नाही, तो सांगताना जपावे.

मांजरीची लघवी आणि विष्ठा नापाकच आहे. ती कपड्याला, जानमाजला लागली तर धुतलेच पाहिजे. लांब केसांच्या मांजरीत हीच अडचण असते, कारण शेपटीखालच्या केसांना घाण चिकटते आणि घरभर फिरते. गळालेल्या केसांबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. आपल्याकडे बहुतेक हनफी, तर कोकणातले आपले भाऊबंद शाफई. तेव्हा आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे. नमाजचे कपडे आणि जानमाज बंद कपाटात ठेवले, की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

ही मांजर आली कुठून?

नाव पर्शियन, म्हणजे इराणी. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने सतराव्या शतकात खुरासानच्या लांब केसांच्या मांजरींचे वर्णन केले आणि त्या युरोपात नेण्याचे मनावर घेतले. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन याने १८१५ साली काबूलच्या राज्यावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नोंदवले आहे, की अशा मांजरी अफगाण मुलखातून बाहेर जातात आणि लोक त्यांना इराणी म्हणतात. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरींचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हापासून निवडून निवडून तिचे केस आणखी लांब आणि दाट, तर नाक आणखी चपटे करण्यात आले.

मुद्दा असा, की कोरड्या, थंड डोंगरी मुलखाची ही अंगलट माणसाने आपल्या हौसेसाठी आणखी जड केली. गावठी मांजरीला तिची खरखरीत जीभ पुरते. पर्शियनच्या वरच्या केसांखाली लोकरीसारखा मऊ थर असतो, त्याला जीभ पुरत नाही. गळालेला केस बाहेर पडत नाही, आतच अडकतो आणि गाठ होते. आपल्या पावसाळ्यात त्या गाठीत ओल साचते.

रोजची पंधरा मिनिटे

आमच्याकडे मगरिबनंतर फणी होते. दोन स्टीलच्या फण्या लागतात, एक रुंद दातांची आणि एक बारीक. आधी रुंद, मग बारीक. केसांचा थोडा थोडा भाग उचलून मुळापासून टोकापर्यंत विंचरावे. नुसते वरून ब्रश फिरवल्याने अंग चमकते, पण गाठ खाली तशीच राहते. कानांमागे, काखेत, पोटावर, मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या मुळाशी रोज बोट फिरवून पाहावे. फणीत निघालेला केस तिच्या पोटात जात नाही, त्यामुळे केसांचे गोळे ओकणेही कमी होते.

लहान गाठ सापडली तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावे, मुळाशी दोन बोटांनी केस धरून ठेवावेत म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून हळूहळू सोडवावी. कात्री अजिबात लावू नये. मांजरीची कातडी कागदासारखी पातळ असते, ती गाठीबरोबर वर येते आणि कापली जाते. मोठी गाठ असेल तर डॉक्टरांकडे किंवा जाणत्या माणसाकडे यंत्रानेच काढून घ्यावी. खोबरेल तेल लावू नये. केस चिकट होतात आणि ती ते चाटत बसते.

आंघोळ, डोळे, नखे

महिना-दीड महिन्यातून एक आंघोळ पुरे. आधी पूर्ण विंचरायचे, गाठ राहिली असेल तर पाणी लावायचेच नाही. पाणी कोमट असावे, शाम्पू मांजरीचाच. आपला शाम्पू किंवा साबण तिची कातडी कोरडी करतो. कानात, डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये. खरे काम पुढचे, ते म्हणजे मुळापर्यंत वाळवणे. दोन टॉवेल आणि मंद गतीचा ड्रायर घ्या, आणि ड्रायरची हवा आधी आपल्या हातावर पाहा. पावसाळ्यात वाळवता येत नसेल तर आंघोळ पुढे ढकला, फणी मात्र चुकवू नका.

चपट्या नाकामुळे डोळ्यांचे पाणी नीट वाहून जात नाही, म्हणून डोळ्यांखाली तपकिरी ओघळ दिसतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून रोज पुसावे. नाकाच्या बाजूकडून बाहेर, आणि दोन्ही डोळ्यांना वेगळा कापूस. पाणी पिवळे-हिरवे झाले किंवा डोळा मिटून राहिला तर दवाखाना गाठावा. कानात इअरबड घालू नये. दोन-तीन आठवड्यांनी नखांचे फक्त टोक कापावे, आतला गुलाबी भाग सोडून. शेपटीखालचे केस जाणत्याकडून आखूड करून घ्यावेत. नमाजी घरात एवढ्या एका गोष्टीने फार सुख मिळते.

घाणीचे भांडे

वाळूचे भांडे रोज साफ करावे, एक दिवसही चुकवू नये. कच्चे मांस खाणाऱ्या किंवा उंदीर धरणाऱ्या मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचे जंतू बाहेर पडू शकतात. ते बाहेर पडताच लागण करत नाहीत, त्याला साधारण एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजची सफाई हाच बचाव. घरात गर्भवती बहीण असेल तर हे काम तिने करू नये. कुणीच नसेल तर हातमोजे घालावेत आणि साबणाने हात धुवावेत. याच कारणाने बकरी ईदला मांजरीला कच्चे मांस घालू नये, शिजवलेले, बिनमसाल्याचे, बिनहाडाचे दोन तुकडे पुरेत.

गजकर्ण : लपवू नका

आता आमच्या दुखण्याकडे येते. हा बुरशीचा रोग आहे. मांजरींत तो बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीने होतो आणि पर्शियन जातीत जास्त आढळतो. वरून नीट दिसणारी मांजरही केसांतून तो पसरवू शकते. लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसांना तो लवकर धरतो.

माझी चूक अशी, की मुलीच्या हातासाठी मी मेडिकलमधून कुणी सांगितलेली ट्यूब आणली. चार दिवस चट्टा फिका पडला, मग दुपटीने पसरला. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉईड मिसळलेले असते. खाज दबते, बुरशी मात्र फोफावते. दहा दिवसांनी धाकट्याच्या मानेवर चट्टा आला. मग त्वचेच्या डॉक्टरांकडे माणसांचा आणि पशुवैद्यांकडे मलाईचा, असा एकाच वेळी इलाज सुरू केला. मलाईला औषधी आंघोळ आणि पोटातून औषध, तेही अनेक आठवडे. चट्टे गेले म्हणून मध्येच औषध थांबवायचे नसते. एक खोली तिच्यासाठी वेगळी केली. गळालेल्या केसांत बुरशी महिनोन्‌महिने टिकते, म्हणून सोफ्याची खोळ, चादरी, पडदे सारखे धुतले, जमीन ओल्या फडक्याने पुसली. अल्हमदुलिल्लाह, अम्मींना लागण झाली नाही. पण त्या दोन महिन्यांत घरी मेहमान आले की मी मुलीच्या हाताला लांब बाही घालायला लावत असे. आज त्याची लाज वाटते. रोग लपवल्याने तो फक्त पुढच्या घरी जातो.

हे घरात असेल तर सावध

फिनाइल आणि डेटॉलसारखी जंतुनाशके मांजरीला विषारी ठरतात. ती ओल्या फरशीवरून चालते आणि पंजे चाटते. कुत्र्यांच्या पिसवांची, गोचिडांची औषधे मांजरीला कधीच लावू नयेत, त्यांतले परमेथ्रिन तिचा जीव घेऊ शकते. पॅरासिटामॉलची एक गोळीही घातक असते. रेबीजची आणि इतर लस वेळेवर द्यावी. मांजर चावली किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरचीच मांजर आहे म्हणून थांबू नये.

आणण्याआधी

कोल्हापुरात आता पुष्कळ घरांत या मांजरी दिसतात. आणि पावसाळा सरता सरता गाठी झालेली, चट्टे पडलेली एखादी बाजाराच्या कडेलाही दिसते. विकणाऱ्याने आमच्या भाच्याला फणीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. तेव्हा पिल्लू घेण्यापूर्वी केस बाजूला करून कातडी पाहा, डोळे पाहा, श्वासाचा घरघर आवाज येतो का ऐका आणि आधी पशुवैद्याकडे दाखवा. घरात कोण रोज पंधरा मिनिटे देणार, त्याचे नाव ठरवा. ‘सगळे मिळून’ असे उत्तर आले तर आणू नका, कारण ते काम मग कुणाचेच नसते. हौसच असेल तर आखूड केसांची गावठी मांजर पाळा, ती आपल्या हवेत सुखाने राहते. आणि आणलेली सांभाळता येत नसेल तर सांभाळणारे घर शोधून द्या, रस्त्यावर सोडू नका.

आमच्याकडे हे काम मुलीचे आहे. ती आता दहावीत आहे, क्लासहून थकून येते, कधी कंटाळा करते. मग आतल्या खोलीतून अम्मींचा आवाज येतो, “फणी झाली का?” आणि ती उठते.