धीर न देण्याचं काम

चिंतेच्या आजारावरचं नवं औषध तपासताना रक्ताचा रिपोर्ट फारसं काही सांगत नाही. रक्त घेतात ते औषधाने यकृताला, मूत्रपिंडाला त्रास होत नाही ना, हे बघायला. चिंता उतरली की नाही, हे ठरतं बोलण्यातून. त्या बोलण्याला गुण देणं हे माझं काम. आम्हाला रेटर म्हणतात.

समोर हॅमिल्टन मोजपट्टी असते. मॅक्स हॅमिल्टन या मानसोपचारतज्ज्ञाने ती १९५९ मध्ये मांडली. चौदा बाबी, प्रत्येकीला शून्य ते चार, एकूण गुण ५६. झोप, धडधड, श्वास, पोट, अंग आखडणं. चाचणीत भाग घेतलेल्या एक ताई सांगतात, "जीव घाबरा होतो हो, मॅडम. मुलाला यायला जरा उशीर झाला की नको नको ते मनात येतं." याला दोन द्यायचे की तीन? म्हणून विचारते, गेल्या आठवड्यात किती दिवस असं झालं? हातातलं काम चालू राहिलं का? मग कळतं, गॅसवर दूध ठेवून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि दूध करपल्याचा वास आला तेव्हाच भानावर आल्या. तीन.

चौदावी बाब विचारायचीच नसते, ती बघायची असते : मुलाखतीतलं वागणं. आवाज शांत आहे, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं, सोडणं, पुन्हा गुंडाळणं चाललंय. बोटाचं पेर पांढरं पडतं. मधूनच मोठा उसासा.

सगळ्यात जड जातं ते धीर न देणं. "होईल सगळं नीट" हे ओठांवर आलेलं गिळावं लागतं. या आजारात आपुलकीने कुणी विचारपूस केली तरी पुष्कळांना उतार पडतो. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, घेणारेही सुधारतात आणि औषधाचा खरा फरक त्यात झाकला जातो. म्हणून कुणाला काय मिळतंय, हे ताईंना, डॉक्टरांना, मला, कुणालाच ठाऊक नसतं. साइड इफेक्टची चौकशीही कोऑर्डिनेटर करतो. "तोंड कोरडं पडतं" एवढं कानावर आलं तरी माझं मन अंदाज बांधू लागेल. नंतर डॉक्टर ताईंशी निवांत बोलणार आहेत, हे माहीत असतं म्हणून मला हे जमतं.

अमेरिकेत याच आजारासाठी एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याच्या एकाच मात्रेची चाचणी १९८ जणांवर झाली. २०२५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. १०० मायक्रोग्रॅमच्या गटात हॅमिल्टनचे गुण प्लासिबोपेक्षा स्पष्ट उतरले होते. पण एलएसडी घेतलेल्या माणसाला आपण काय घेतलं, हे बहुधा उमगतंच. मग त्याच्या मनातली अपेक्षा वजा कशी करायची? मला हा निकाल आशादायक वाटतो, पण शेवटचा वाटत नाही.

आपली माणसं भिडस्त. डॉक्टरांनी एवढं केलं, आता वाईट कसं सांगायचं, म्हणून "बरंय" म्हणतात. तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर अशा चाचणीत बसायची वेळ आली, तर कृपा करून असं करू नका. फरक नसेल तर नाही म्हणा, त्रास वाढला तर लगेच सांगा. चाचणी कधीही, कारण न देता सोडता येते आणि सोडली म्हणून नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.