खिडकी उघडली तरी धूर घरातच

घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर इतरांच्या फुप्फुसांत जाणारा बहुतांश धूर त्याने ओढून सोडलेला नसतोच. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेटचं टोक नुसतं धुमसत राहतं, तिथून तो येतो. झुरका घेताना टोकाचं तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअस असतं. धुमसताना ते बरंच उतरतं, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, कर्करोगकारक नायट्रोसअमाइन अशी द्रव्यं जास्त तयार होतात. त्यात हा धूर फिल्टरमधूनही गेलेला नसतो.

‘मी खिडकीपाशी ओढतो’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही. वारा आत येत असेल, तर तोच धूर खोलीत ढकलतो. पंखा तो घरभर पसरवतो, एसी बहुधा तीच हवा फिरवत राहतो आणि एअर प्युरिफायर कण पकडतो, पण बरेचसे वायू सोडून देतो. पडद्या-गाद्यांवर बसलेल्या निकोटिनपासून नंतरही घातक नायट्रोसअमाइन तयार होतात, हे २०१० साली प्रयोगांत दिसलं आहे.

‘एवढ्याशा धुराने काय होतंय?’ फुप्फुसांच्या कर्करोगाला वर्षं लागतात, हृदयाला मात्र थोडा धूरही बाधतो: रक्तातल्या बिंबिका चिकट होतात, गुठळीचा धोका वाढतो. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली. नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणारे रुग्ण पुढच्या वर्षी १७ टक्क्यांनी घटले; कधीच सिगारेट न ओढलेल्यांत ही घट २१ टक्के होती. बाहेर बंदी आली की लोक घरात ओढतील, ही भीतीही तिथे खोटी ठरली. शाळकरी मुलांच्या लाळेतलं कोटिनिन, म्हणजे शरीरात गेलेल्या निकोटिनची खूण, ३९ टक्क्यांनी कमी झालं.

आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचे कडक नियम आहेत, पण कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ३९ टक्के प्रौढांना घरात हा धूर सोसावा लागत होता. सार्वजनिक ठिकाणी हे प्रमाण २६ टक्के होतं. ‘माझं घर, माझी मर्जी’ म्हणणाऱ्याने पाळण्यातल्या बाळाची मर्जी कुणी विचारली, याचं उत्तर द्यावं. सवय सुटेपर्यंत निदान गॅलरी आणि जिना सोडून थेट खाली मोकळ्यावर जा. सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.