रात्रीचे दारे आणि सभासदांची झोप

खताच्या मात्रा सोडून शेतकी खाते या वेळी झोपेवर का लिहू लागले, असे आपणांस वाटेल. बारामती व इंदापूर तालुक्यांत पाहणीस फिरताना बरेच सभासद सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी बांधावर भेटतात. विचारले की उत्तर एकच, "साहेब, रात्रीची लाईट होती."

अशाच एका सभासदाच्या लागणीत आम्ही गेलो, तर वरच्या सऱ्या कोरड्या ठणठणीत आणि खाली पाण्याचे तळे. दारे मोडून गडी बांधाला टेकला नि डोळा लागला. दोनच दिवसांपूर्वी टाकलेला युरिया पाण्याबरोबर गेला. माणूस आळशी मुळीच नाही. जागरणाची ती तिसरी रात्र होती. रात्री पाण्याची वाफ कमी होते हे खरे, पण पेंगणाऱ्याच्या हाती ती बचत राहत नाही. नीरा डाव्या कालव्याखालच्या काळ्या जमिनी जादा पाण्याने चोपण कशा होतात, हे आपणांस आम्ही काय सांगावे!

डॉसन व रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाचे काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे होते. आपल्याकडे गाडी चालविणाऱ्यास कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेता आपला माणूस झिंगलेला. आणि तोच अंधारात स्टार्टरच्या पेटीत हात घालतो, उसाच्या दोन ट्रेलर ओढत गव्हाणीकडे निघतो. प्रौढ माणसाला सात-आठ तास झोप लागतेच. रात्र गेली तर दुपारी दोन तास तरी आडवे व्हावे, त्यात लाज कसली?

दिवसा विजेसाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. आपल्या फिडरवर अजून रात्रपाळी असेल, तर गावाने मिळून मागणी लावून धरावी. ठिबक असेल तर व्हॉल्व्ह फिरवण्यापुरतेच उठावे लागते. ऑटो स्विचचा मोह मात्र आवरा. लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम उचलतात आणि डीपी जळतो. पेरणीला सावड चालते, मग दारे धरायला का नको?

वरील सभासदांनी दोन शेजाऱ्यांशी सावड केली आहे. आता तीन रात्रींतून एकच वाट्याला येते. परवा सकाळी खोडव्याच्या नोंदीसाठी गेलो, तर ते अजून झोपलेले. "उठवू का?" म्हणून वहिनींनी विचारले. आम्ही नको म्हटले आणि त्यांच्या मुलाला घेऊन प्लॉटवर गेलो.